पाव्हण्याचा धडा

धामणेकर सरांवर लिहा, असं मला आजवर चार वेळा सांगण्यात आलं आणि चारही वेळा मी टाळलं. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त काढलं, एकदा नातीच्या लग्नाचं. सर गेले तेव्हा शोकसभेत बोलावंच लागलं. तिथं त्यांच्या सायकलचे दोन किस्से सांगितले, लोक हसले, मी खाली बसलो. आमच्या कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी अंकात सरांविषयी एक ओळ आहे : 'प्रकृतीच्या कारणामुळे त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली.' ती ओळ माझी आहे. सरांची प्रकृती त्यानंतर बावीस वर्षं ठणठणीत होती. तेव्हा सुरुवात त्या ओळीपासूनच करतो. ती खोटी आहे.

सर बेळगावातल्या वडगावचे, विणकराचे चिरंजीव. बी. ए. ला त्यांनी मला इतिहास शिकवला आणि पुढं त्यांच्याच हाताखाली मी त्याच कॉलेजात लागलो. उंची बेताची, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला, आणि उजव्या हाताचा अंगठा व पहिलं बोट झिजून गुळगुळीत झालेलं. त्या दोन बोटांची त्यांना एक सवय होती. नवा माणूस भेटला की नमस्कार करता करता ते त्याच्या शर्टाची कड चिमटीत धरायचे आणि हळूच उलटी करून बघायचे. विणकराच्या घरात कापड समोरून कुणी बघत नाही. धागा कुठं तुटला, कुणी कशी गाठ मारली, ते मागच्या बाजूला कळतं. सरांना माणसंही तशीच बघायची सवय लागली होती.

आमच्या प्राचार्यांनी एकदा नवा सूट शिवला. स्टाफरूममध्ये सगळे वा वा करत होते. सरांनी कोटाची कड उलटली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "वरनं सायेब, आतनं गोणपाट." सगळी खोली हसली. प्राचार्यही हसले. पण ते वाक्य त्यांनी सात वर्षं जपून ठेवलं.

सर इतिहासही तसाच शिकवायचे. "राजाचा हुकूम वरनं वाचू नका. उलटा करा. मागं कुणाच्या गाठी हायत ते दिसतंय." आणि यासाठी त्यांचा एक लाडका धडा होता. अभ्यासक्रमात इंग्लंडच्या इतिहासात स्कॉटलंड जेमतेम अर्धं पान होतं. सर त्या अर्ध्या पानाला दहा तास द्यायचे. त्या दिवसांत दुसऱ्या वर्गांतली मुलं येऊन मागं उभी राहायची. घंटा द्यायचं सोडून शिपाई दारात उभा असायचा.

नावं ते घ्यायचे नाहीत. "नावं पुस्तकात हायत. मार्क पाहिजेत त्यांनी पाठ करा. हितं नुसता राजा आणि पाव्हणा."

राजा म्हणजे एक पोर. पाळण्यात असतानाच त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवलेला. आई शेजारच्या देशात कैदेत. कारभार बघणारे सरदार एकामागून एक मारले जात होते आणि पोर किल्ल्यात छडीवाल्या मास्तराच्या ताब्यात. तेराव्या वर्षी त्याच्याकडं फ्रान्सहून एक पाव्हणा आला, बापाचा चुलतभाऊ. तिशी ओलांडलेला, देखणा, गोड बोलणारा.

"त्या पोराशी तवर सगळे दोनच परकारे बोलायचे," सर म्हणायचे. "एक तर गुडघे टेकून, न्हाईतर छडी घेऊन. पाव्हणा शेजारी बसून बोलला. एवढंच केल्यान. बाकीचं आपोआप झालं."

मग ते पाव्हण्याची चढती सांगायचे. आधी जमीन, मग सरदारकी, मग सगळ्या राज्यात एकच असलेली मोठी पदवी. पण सर थांबायचे ते एका वेगळ्याच नेमणुकीपाशी. पाव्हण्याला राजाच्या खोलीचा कारभारी केलं होतं. "किल्ला गेला तरी चालंल, खोली सोडायची न्हाय. राजापाशी कोण जाणार ते जो ठरवतो, तो राजा." जुना बलाढ्य कारभारी भर सभेत पकडला गेला आणि पुढं त्याचं डोकं उडवलं गेलं. पाव्हण्यानं राजासाठी आपला पंथ बदलला, तरी लोक म्हणाले, हा फ्रान्सचा हेरच. तीन वर्षं गेली. मग सरदारांनी युक्ती केली. पाव्हणा जवळ नसताना, शिकारीला गेलेल्या राजाला आपल्या वाड्यावर पाहुणचाराला नेलं, आणि सोडलंच नाही. राजा रडायला लागला. तेव्हा एक सरदार म्हणाला म्हणतात, दाढीवाल्यांनी रडण्यापेक्षा पोरानं रडलेलं बरं. राजाच्या हातानंच पाव्हण्याला देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला. पाव्हणा गेला आणि थोड्याच महिन्यांत तिकडं मेला. मरताना सांगून ठेवलं होतं म्हणे, त्याप्रमाणं त्याचं काळीज राजाकडं पाठवण्यात आलं.

इथं आल्यावर सर पुस्तक मिटायचे आणि तास संपायला दहा मिनिटं असताना वर्ग सोडून द्यायचे. आम्ही बाहेर पडायचो तेव्हा कुणी बोलत नसायचं.

एका पोरानं एकदा विचारलं होतं, "सर, पाव्हणा चांगला होता का वाईट?"

"ते मला अजून ठरवता आलं न्हाय," सर म्हणाले. "त्याला काढणारे त्याच्यापेक्षा चांगले नव्हते, एवढं ठाऊक हाय."

मी हा धडा विद्यार्थी म्हणून एकदा ऐकला आणि सहकारी झाल्यावर खिडकीबाहेरून निदान पंधरा वेळा. मला तो तोंडपाठ होता. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

आमच्या संस्थेचे संस्थापक वारले आणि अध्यक्षपदाच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा आला. आम्ही त्याला धाकटे साहेब म्हणायचो. वय बावीस. आई लहानपणी गेलेली, सहाव्या वर्षापासून बोर्डिंगात वाढलेला. मराठी अडखळत बोलायचा, कन्नड त्याहून अडखळत. बैठकीत दोन जुने संचालक त्याच्यापुढं कागद सरकवायचे आणि तो सही करायचा. पहिल्याच झेंडावंदनाला भाषण करताना तो मध्येच थांबला आणि तसाच उभा राहिला. चारशे पोरांसमोर. शेवटी बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली.

प्राचार्यांनी सरांना सांगितलं, "त्याला जरा बोलायला शिकवा." प्राचार्यांच्या हातून झालेली ती एकच मोठी चूक.

सर पहिल्यांदा त्याच्या खोलीत गेले तेव्हा मी फायली घेऊन तिथंच होतो. टेबलासमोर पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. सरांनी त्यातली एक उचलली, टेबलाला वळसा घालून धाकट्या साहेबांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसले. मग त्याच्या बाहीची कड उलटली.

"कापड झकास हाय, सायेब. पण टेलर भित्रा हाय. शिवण दोनदा मारल्यान."

तो पोरगा हसला. त्याला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि त्या खोलीत पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं.

वर्षभरात धाकटे साहेब तीन भाषांत भाषण करू लागले. कागद आला की 'ठेवून जा, उद्या देतो' म्हणू लागले. संध्याकाळी दोघं मैदानाला चकरा मारायचे. सर संस्थेचे सल्लागार झाले, मग नेमणुकांच्या समितीवर आले, आणि मग अशी वेळ आली की धाकट्या साहेबांना भेटायचं तर आधी सरांना भेटावं लागे. सरांची जुनी सायकल अध्यक्षांच्या गाडीशेजारी सावलीत लागायची. शिपाई तिची सीट पुसायचा. एका प्राध्यापकानं तर सर दिसले नाहीत म्हणून सायकललाच नमस्कार केला. हा किस्सा मी शोकसभेत सांगितला. तो नमस्कार करणारा मीच होतो, हे सांगितलं नाही.

सत्ता हातात आल्यावर सरांनी काय केलं? वडगाव-शहापूरच्या मुली दिवसभर घरी मागासाठी कांड्यांवर सूत भरतात म्हणून त्यांच्यासाठी सकाळी सातचे वर्ग काढले. ग्रंथालयाच्या कपाटांची कुलपं काढून टाकली. प्राचार्यांच्या पुतण्याची नेमणूक अडवली, कारण तो मुलाखतीत एका प्रश्नाचंही उत्तर देऊ शकला नव्हता. स्वतःसाठी काही घेतलं नाही. सायकलचं मडगार्डसुद्धा तेच राहिलं. पण ते कुणाला विचारत नव्हते, हेही खरं आहे. त्यांना जे बरोबर वाटे ते दुसऱ्या दिवशी हुकूम होऊन येई. आम्ही सगळे बाहेर बाकावर.

त्यांना हे कळत होतं. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "मी पाव्हणा झालो बघ रं. त्याला तीन वर्षं मिळाली. मला किती मिळत्यात बघू." आणि बशीत ओतलेला चहा मजेत फुंकत राहिले. स्वतःचा शेवट ठाऊक असूनही इतका निवांत चहा पिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच सुमारास मला इतिहासाचा विभागप्रमुख करा म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. माझाच हक्क होता, असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "दोन वर्षं थांब, जांबोटीकर. तुझं शिकवणं वरनं चांगलं दिसतंय."

पुढचं ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. आता या वयात मान्य करतो, ते बरोबर होते. मी त्यांचेच तास त्यांच्याच वाक्यांत शिकवत होतो.

पावसाळ्यात एका दुपारी प्राचार्य, ते दोन संचालक आणि मी प्राचार्यांच्या खोलीत बसलो होतो. सरांची बदली संस्थेच्या निपाणीच्या शाळेत करायची, हुकूम टाइप झालेला होता. अडचण एकच होती. धाकटे साहेब एकटे सापडत नव्हते.

"सकाळी हा, संध्याकाळी हा," एक संचालक म्हणाले. "पोरग्याला सही कुठं करायला लावायची? न्हाणीत?"

मी म्हणालो, "राजाला शिकारीला न्यायचं."

गंमत म्हणून म्हणालो. संचालक हसले. प्राचार्य हसले नाहीत. ते कधी सरांच्या तासाला बसले नव्हते, त्यांना धडा ठाऊक नव्हता. पण मतलब त्यांना लगेच कळला.

"तुझं घर जांबोटीला न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. घर गळतंय म्हणू शकलो असतो, आणि ते खरंही होतं. मी म्हणालो, "व्हय. आई असती तिथं."

शनिवारी आम्ही धाकट्या साहेबांना जंगल दाखवायला म्हणून जांबोटीला नेलं. सर त्या दिवशी मुलींच्या सकाळच्या वर्गात होते. गाडी जवळच्या खानापूरला पाठवून दिली, ड्रायव्हरला सोमवारी ये म्हणून. पहिल्या दिवशी तो पोरगा खूश होता. पावसात भिजला, चुलीपाशी बसून आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाल्ला. रविवारी सकाळी म्हणाला, आता जाऊ या. आम्ही सांगितलं, रस्ता पाण्याखाली गेलाय. फोन लावू या म्हणाला. फोन बंद आहे म्हणालो. तारेची पिन मीच काढून ठेवली होती.

तेवढ्यात खालच्या वाडीचा माणूस मोटारसायकलवरून अंगणात आला आणि दुधाची किटली घेऊन गेला. आई दारात उभी होती.

"रस्ता गेला म्हणतासा," ती मला म्हणाली, "मग ह्यो काय उडत आला?"

मी तिला आत जा म्हणालो. ती गेली नाही. "त्या लेकराला घरी का जाऊ देईना झालासा रं?"

जेवणं झाल्यावर कागद पुढं आला. धाकट्या साहेबांनी तो दोनदा वाचला. "सरांना विचारून सही करतो."

"त्यासाठीच तर हितं आलोय, सायेब," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "हितं सर न्हाईत."

मग ते दोघं संचालक बोलत राहिले. वडिलांचं नाव, संस्थेची बदनामी, स्टाफचा संप, खुर्ची कशी जाते. दीड तास. कौलांवर पाऊस धो धो पडत होता. शेवटी तो पोरगा रडायला लागला, बाहीनं डोळे पुसत, बोर्डिंगातल्या पोरासारखा, आवाज न करता. मला त्या क्षणी तो सगळा धडा आठवला. सरांचा आवाज ऐकू आला. वर्ग दहा मिनिटं लवकर सुटल्यावरची ती शांतता आठवली. प्राचार्यांनी खिशातून पेन काढलं, ते ओलं होऊन बंद पडलं होतं. सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

मी माझं पेन दिलं.

मंगळवारी स्टाफरूममध्ये सरांच्या हातात हुकूम ठेवला गेला. बेळगावात दोन दिवस लख्ख ऊन होतं. सरांनी कागद वाचला. मग सवयीनं उलटा केला. मागं काही नव्हतं. मग त्यांनी तो दोन बोटांत धरून हळूहळू चोळला, कापड चोळावं तसा, आणि नाकापाशी नेला.

"कागद दमट हाय," ते म्हणाले. "चुलीच्या धुराचा वास हाय." मान वर करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादं अवघड उत्तर विद्यार्थ्यानं बरोबर दिल्यावर बघायचे तसं. "जांबोटीला झाली व्हय सही?"

माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला.

"परीक्षेत हाच प्रश्न सोडला होतास तू. आता लिवलास." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, पिशवी उचलली आणि निघाले. तासाची घंटा व्हायला दहा मिनिटं होती.

सर महिनाभर रोज पहाटेच्या एसटीनं निपाणीला गेले आणि तिथल्या आठवीच्या पोरांना शिकवलं. मग एकाएकी राजीनामा दिला. आम्हाला वाटलं, प्रवास झेपेना. खरं काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी धाकट्या साहेबांनीच सांगितलं, एका लग्नात, माझ्या शेजारी जेवायला बसावं लागलं म्हणून. ते गाडी घेऊन निपाणीला गेले होते. म्हणाले होते, सर, हुकूम फाडून टाकतो, आजच चला.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मी परत आलो की तुला परत कुठंतरी नेऊन बसवतील. मी संस्थेत हाय तवर तू हितं येत राहशील. आता एकट्यानं चकरा माराय शीक." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि म्हणाले, कुणाला काढू नकोस. त्या जांबोटीकराला तर न्हाईच. त्याची आई माझ्या ओळखीची हाय, लई चांगली बाई."

त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी राजीनामा पाठवला होता. धाकट्या साहेबांनी खरोखर कुणाला काढलं नाही. पुढं त्यांनी संस्था एकट्यानं आणि चांगली चालवली. सकाळचे वर्ग अजून भरतात. विभागप्रमुख मी झालो. दोन वर्षं थांबावं लागलं नाही. माझी आई मात्र त्या पावसाळ्यानंतर माझ्याकडं टिळकवाडीत राहायला कधी आली नाही. कारण विचारलं की म्हणायची, "जनावरं कोण बघणार?"

मी सरांकडं एकदाच गेलो. ते सत्तरी ओलांडलेले, मी निवृत्त. मनाशी वाक्य घोकून गेलो होतो. वडगावच्या त्यांच्या घरात आता पुतण्याचे सहा यंत्रमाग होते आणि सर दिवसभर तिथंच एका स्टुलावर बसून तुटलेले धागे जोडायचे. त्या आवाजात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. मी बसलो. आणि त्या खडखडाटात मला धीर आला. मी मोठ्यानं म्हणालो, "सर, माझं चुकलं. ती कल्पना माझी होती, घर माझं होतं, पेन माझं होतं. मला माफ करा."

सरांनी कानामागं हात धरला आणि मान हलवली. ऐकू येत नाही.

तेवढ्यात करंट गेला. सहाही माग एकदम थांबले. एवढी शांतता झाली की गल्लीतल्या नळाचं पाणी ऐकू आलं. सर माझ्याकडं वळले.

"हां. आता बोल. काय म्हणालास?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. तेच डोळे, तेच वाट बघणं.

"काय न्हाय, सर," मी म्हणालो. "तब्येत कशी हाय विचारत होतो."

सरांचा हात पुढं आला. दोन बोटांत माझ्या शर्टाची कड धरून त्यांनी ती उलटी केली, पाहिली, आणि परत सरळ करून तळव्यानं हलकेच दाबून बसवली. काय दिसलं ते सांगितलं नाही.

"बरी हाय," म्हणाले. "च्या घेतोस न्हवं?"

चहा झाला. करंट आला, माग सुरू झाले. मी पाया पडलो आणि निघालो. दारातून मागं वळून पाहिलं तर सर स्टुलावर वाकून बसले होते. एक धागा तुटला होता, त्याची दोन टोकं चिमटीत धरून ते गाठ मारत होते. मी उंबऱ्यात उभा राहून ते सगळं पुन्हा एकदा म्हणालो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. सहा माग चालू होते. सरांनी मान वर केली नाही.